सिनेमा चालू असताना बोलावं का?

डीव्हीडी प्लेअरच्या रिमोटवर ‘ऑडिओ’ असं एक बटण असायचं. आपल्याकडे बहुतेक घरांत त्याला कुणी हात लावला नाही. परदेशी सिनेमांच्या कित्येक डिस्कवर मात्र ते दाबलं की पात्रांचे संवाद मागे पडत आणि दिग्दर्शक, लेखक, नट किंवा एखादा अभ्यासक बोलू लागे. हा प्रसंग कुठे घेतला, पाऊस खरा की टँकरचा, कुणाचं कुणाशी वाजलं, काय कापावं लागलं. सिनेमा सुरू झाल्यापासून शेवटची नावं सरेपर्यंत हे बोलणं चालायचं. यालाच ऑडिओ कॉमेंटरी म्हणतात. डिस्क मागे पडल्या आणि त्यांच्याबरोबर हा प्रकारही विस्मरणात चालला. त्याचं वाईट वाटून घ्यावं की सुटलो म्हणावं, यावर कशेडी घाटाखाली, पोलादपूरच्या अंगाला असलेल्या एका घरात झालेला हा वाद.

वाद घालणारे दोघे. नाना महाडच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. तरुणपणी काही वर्षं मुंबईत, गिरणगावात काढलेली. पुतणी अंधेरीत सिनेमाच्या एडिटिंगचं काम करते, गणपतीला घरी आलेली. बाहेर पाऊस, हायवेवर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग आणि नानांच्या पुढ्यात पुसायला काढलेला डिस्कचा खोका.

पुतणी: नाना, दर पावसाळ्यात या डिस्कना बुरशी धरते आणि दर गणपतीत तुम्ही त्या पुसत बसता. आता फोनवर सगळं मिळतं. देऊन का टाकत नाही?

नाना: सिनेमा मिळतो गं फोनवर. सिनेमावर बोलणारी माणसं मिळत नाहीत.

पुतणी: तीच तर मला नको असतात. थिएटरात मागच्या रांगेतला बोलायला लागला की आपण वळून त्याला गप्प करतो. इथे पैसे मोजून त्याला घरी आणायचं?

नाना: मागच्या रांगेतल्याने तो सिनेमा काढलेला नसतो. आणि मला दुसरं होतं कोण? मुंबईत होतो तेव्हा प्रभात चित्र मंडळाचा सभासद होतो. सिनेमा संपला की चर्चा व्हायची, सुधीर नांदगावकर बोलायचे. महाडला नोकरी लागली आणि ते सुटलं. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून उन्हाळ्यात रसास्वादाचा वर्ग घ्यायचे, सतीश बहादूर शिकवायचे. पण मे महिन्यात आपल्याकडे भाजावळ, घर शाकारणं. महिनाभर पुण्याला सिनेमे बघायला जातो म्हटलं असतं, तर तुझ्या आजोबांनी मला परत दारात उभं केलं नसतं. मग पुढे डीव्हीडी आल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या भाच्याकडून मागवायला लागलो. पहिली आली ती चालेना. अमेरिकेची डिस्क विभाग 1 ची, आपला प्लेअर विभाग 5 चा. शेवटी महाडच्या एका टीव्ही मेकॅनिकने रिमोटवर कसलेसे आकडे दाबून प्लेअरचं कुलूप काढलं. त्या रात्री ऑडिओचं बटण दाबलं आणि रॉजर ईबर्ट ‘सिटिझन केन’वर बोलायला लागला.

पुतणी: तो तर समीक्षक. सिनेमा त्यानेही काढलेला नव्हता!

नाना: धरलंस मला शब्दात. पण ऐक. सिनेमा 1941 चा, काढणारे बहुतेक गेलेले. हा शिकागोचा माणूस सांगतो, छताकडे बघा. त्या काळात स्टुडिओतल्या सेटला सहसा छत नसायचं, वर दिवे टांगलेले असायचे. इथे कॅमेरा जमिनीलगत ठेवलाय म्हणून छत दिसतं, आणि ते छत म्हणजे ताणून बसवलेलं मलमलीचं कापड, वर माइक लपवलेले. मंडळात मी तो सिनेमा पाहिला होता. छत कधी नजरेला पडलं नव्हतं.

पुतणी: हा चांगला नमुना झाला. आता याच खोक्यातला वाईट नमुना मी काढते. हा घ्या, ‘टोटल रिकॉल’. श्वार्झनेगर पडद्यावर जे दिसतंय तेच सांगत सुटतो. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंटरी ऐकताना बॉल कुठे गेला ते सांगावं लागतं, कारण मैदान आपल्याला दिसत नसतं. इथे मैदान डोळ्यांसमोर आहे.

नाना: ती मी हसायला ऐकतो. जगभर लोक हसायलाच ऐकतात. पण त्याच्या शेजारी दिग्दर्शक पॉल व्हरहोवन बसलाय, त्याला विसरू नकोस. नायकावर हे सगळं खरंच ओढवतं, की खुर्चीत बसल्या जागी पडलेलं ते स्वप्न आहे, या दोन्ही शक्यता शेवटपर्यंत जित्या कशा ठेवल्या ते तो सांगतो. एकाच ट्रॅकवर वाईट आणि चांगली, दोन्ही कॉमेंटरी.

पुतणी: श्वार्झनेगर परवडला, निदान तो खोटं बोलत नाही. त्याहून वाईट कोण सांगू? वाखाणणारे. ‘ती किती गुणी’, ‘हा किती मेहनती’, ‘युनिट म्हणजे एक कुटुंबच होतं’. मी जाहिरातीसाठी मेकिंगचे व्हिडिओ जोडते, नाना. कुणी खरं बोललेला तुकडा असला की निर्मात्याकडून पहिला निरोप तो कापा असाच येतो. सिनेमा बाजारात असताना, निर्माता काचेपलीकडे बसलेला असताना दिग्दर्शक काय डोंबलाचं खरं सांगणार?

नाना: म्हणूनच ‘द लाइमी’ ऐक. 1999 चा सिनेमा. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि लेखक लेम डॉब्ज शेजारी बसलेत, आणि डॉब्ज तोंडावर सांगतो की माझ्या पटकथेची तू वाट लावलीस, पात्रांचा मागचा सगळा इतिहास उडवलास. सोडरबर्ग ऐकून घेतो, आपली बाजू मांडतो. पटकथा कुठे संपते आणि सिनेमा कुठे सुरू होतो, हे मला कुठल्या पुस्तकाने इतकं उघड करून दाखवलं नाही. आणि कोपोला? ‘गॉडफादर’वर तो आपण किती मोठे हे सांगत नाही. स्टुडिओ आज काढेल की उद्या, या धास्तीत दिवस कसे गेले ते सांगतो. आपण ज्याला थोर सिनेमा म्हणतो तो काढणारा माणूस रोज घाबरत सेटवर जात होता, हे कळल्यावर मला मास्तर म्हणून फार धीर आला.

पुतणी: हे अपवाद झाले. रतीब बघा ना. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वाढीव आवृत्तीत पहिलाच भाग जवळजवळ साडेतीन तासांचा, आणि त्यावर चार-चार कॉमेंटरी. एवढं ऐकायला माणसाला रजा काढावी लागेल. उलट ज्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं ते गप्प राहिले. स्पिलबर्गने कॉमेंटरी केली नाही. डेव्हिड लिंचने तर ‘मलहॉलंड ड्राइव्ह’च्या डिस्कवर प्रकरणंसुद्धा पाडू दिली नाहीत. बघायचा तर सलग बघा. मला हा माणूस पटतो. सिनेमात जे आहे ते पडद्यावर आहे. ज्याला पडद्यावर आणता आलं नाही त्याने मागून तोंडी का जोडावं?

नाना: टीका आणि भाष्य आपल्याकडे काय आजचं आहे?

पुतणी: आता ज्ञानेश्वरीवर जाऊ नका हं.

नाना: बरं, नाही जात. मराठीतलंच तुझ्या पसंतीचं उदाहरण दे.

पुतणी: ‘फँड्री’. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट आपल्या दिशेने येतो. समजा त्या क्षणी दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा आवाज आला आणि त्यांनी सांगितलं की हा दगड अमुक माणसावर, अमुक कारणासाठी मारलाय. संपलं. थिएटरात प्रत्येकाला तो ज्या जागी लागला होता तिथून तो काढून घेतल्यासारखं होईल. अर्थ सांगणारी कॉमेंटरी सिनेमाला लहान करते. बोलणारा जितका मोठा, तितकं नुकसान मोठं, कारण दिग्दर्शकानेच सांगितल्यावर प्रेक्षक आपला अर्थ टाकून देतो.

नाना: हे मला मान्य. दगडाचा अर्थ मलाही ऐकायचा नाही. पण त्याच सिनेमात डुक्कर पकडायची धावपळ चालू असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर आपल्या वाटेने जातं. मला विचारायचंय, तो प्रसंग घेतला कसा? माणसं सावधान उभी राहतील, डुक्कर कुणाचं ऐकतं? किती वेळा घ्यावं लागलं? राष्ट्रगीत तिथे खरंच वाजत होतं, की आवाज मागून बसवला? हे सांगितल्याने सिनेमा लहान कसा होतो?

पुतणी: नाही होत. ते मलाही ऐकायला आवडेल.

नाना: मग आपलं भांडण बोलण्याशी नाही, बोलणारा काय सांगतो त्याच्याशी आहे. ‘म्हणजे काय’ हे त्याने सांगू नये. ‘कसं केलं’ ते सांगावं.

पुतणी: त्या हिशोबाने एका माणसाचं ऋण मलाही मानावं लागेल. रॉबर्ट रॉड्रिग्ज. ‘एल मारियाची’ त्याने सात हजार डॉलरमध्ये काढला. कॅमेरा फिरवायला ट्रॉली नाही, म्हणून तो चाकांच्या खुर्चीत बसला. बंदुकीत खोटी काडतुसं. एक बार उडाला की ती अडकायची. मग त्याने एकेक बार वेगळ्या बाजूने घेतला आणि तुकडे जोडून मशीनगन धडाधड चालवली. हे त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी शिकत होते. कात्री लावून बंदूक चालवता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

नाना: बघ, आणि म्हणे मागच्या रांगेतला!

पुतणी: थांबा, माझं संपलं नाही. माणसाच्या आठवणीचा भरवसा नाही. दहा मुलाखतींत तोच किस्सा सांगून सांगून तो गुळगुळीत होतो. जो सेटवर नव्हताच त्या अभ्यासकाचं ठीक, तो कागद तपासून येतो. पण मग त्याने पुस्तक लिहावं. अरुण खोपकरांनी ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ लिहिलं की मराठीत. पुस्तकात मी थांबू शकते, मागे जाऊ शकते, समासात भांडू शकते.

नाना: ते पुस्तक मी शाळेच्या कपाटात मुद्दाम आणून ठेवलं होतं. पण पुस्तकात आधी दृश्य शब्दांत उभं करावं लागतं, मग त्यावर बोलता येतं. निम्मी ताकद वर्णनात जाते. कॉमेंटरीत दृश्य समोर असतं, बोट ठेवलं की झालं. 1984 मध्ये क्रायटेरियन कंपनीने लेझरडिस्कवर ‘किंग काँग’ काढला तेव्हा हेच साधलं. त्या डिस्कवर आवाजासाठी एक जादा ट्रॅक मोकळा होता. रोनाल्ड हेव्हर नावाच्या लॉस एंजेलिसच्या संग्रहालयातल्या अभ्यासकाला त्यांनी त्यावर बोलायला बसवलं, आणि हा प्रकार जन्माला आला. पुढे ‘राशोमोन’वर डोनाल्ड रिची बोलला. तो जपानमध्ये कैक वर्षं राहिलेला माणूस. असा जाणता जवळ असला की परक्या मुलखातला सिनेमा परका राहत नाही.

पुतणी: आणि आपल्या मुलखातला? खोक्यात मराठी डिस्क बऱ्याच दिसतायत. कॉमेंटरी किती मराठी डिस्कवर आहे?

नाना: या खोक्यात एकावरही नाही.

पुतणी: माझ्याही हाताला कधी लागली नाही. मीरा नायर ‘मॉन्सून वेडिंग’वर बोलल्यात, पण ती डिस्क न्यूयॉर्कच्या कंपनीची. आपल्याकडच्या डिस्क उघडल्या की आधी दुसऱ्या सिनेमांच्या जाहिराती, मग मेनूत ‘गाणी निवडा’, आणि सिनेमाभर कोपऱ्यात कंपनीचा शिक्का.

नाना: त्याला कारण आहे. आपलं गाव डीव्हीडीवर नव्हे, व्हीसीडीवर वाढलं. एक सिनेमा दोन सीड्यांवर, मध्यंतराला उठून सीडी बदलायची. त्यात आवाजाचा एकच ट्रॅक. दुसरा ठेवायला जागा नाही. डीव्हीडीत आठपर्यंत ट्रॅक बसतात. पण 2007 च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. त्या भावात दिग्दर्शकाला स्टुडिओत बसवून दोन तास बोलायला कोण लावतो? घेणाराही मागत नव्हता. घाटातल्या लक्झरीत सिनेमा लावायचे. वळणावर दणका बसला की चित्र जागीच गोठायचं आणि पुढचा प्रसंग कुणीतरी प्रवासीच सांगून टाकायचा. पूजेला व्हिडिओ आणायचे तेव्हाही तेच. भाड्याचा व्हीसीआर, रंगीत टीव्ही, रात्रभर सिनेमे आणि आधी पाहिलेला एक जण सगळ्यांना सांगणार, ‘आता बघ, मागून येतोय.’

पुतणी: म्हणजे आपल्याकडे कॉमेंटरी होती, फक्त वाईट होती!

नाना: हस. पण मला हसू येत नाही. ‘सामना’ घे. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, समोरासमोर हिंदुराव झालेले निळू फुले आणि मास्तर झालेले श्रीराम लागू. आपल्याकडे डीव्हीडी विकल्या जाऊ लागल्या तेव्हा ही चारही माणसं हयात होती. तेंडुलकर 2008 मध्ये गेले, निळूभाऊ 2009 मध्ये, डॉ. लागू 2019 मध्ये. हिंदुराव आणि मास्तर एका माइकपुढे बसले असते, सिनेमा चालू, आवाज बंद. कोण कुणाला कुठे कोंडीत पकडायला बघत होतं, कुठल्या वाक्याला दुसऱ्याने अनपेक्षित थांबा घेतला, हे त्या दोघांनी सांगितलं असतं. दोन तासांचं काम. डॉ. लागूंनी ‘लमाण’ लिहिलं म्हणून थोडं तरी उरलं. निळूभाऊंच्या तोंडून प्रसंगागणिक ‘सामना’ ऐकायचा आता काही मार्ग नाही. इथे दोष नुसत्या तंत्राचा किंवा पैशाचा नाही. कुणाच्या मनातच आलं नाही.

पुतणी: हे मात्र लागलं. तरी नाना, तुमच्या यादीत पुन्हा मोठीच माणसं. माझ्या धंद्यात मोठ्या माणसाच्या मुलाखती होतच असतात. बोलत नाहीत ते ध्वनिमुद्रण करणारे, लाइटवाले, मेकअपवाले, जनरेटरच्या गाडीचे ड्रायव्हर. ‘जैत रे जैत’ घ्या. याच हायवेवर पनवेलकडे जाताना कर्नाळा लागतो, त्या परिसरातल्या ठाकरांची ती गोष्ट. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत, यावर भरपूर लिहिलंय. नायिका स्मिता पाटील 1986 मध्ये गेल्या, महानोर 2023 मध्ये. त्यांचं बोलणं निदान छापलेलं आहे. पण पोळं काढायला डोंगरावर चढणारा माणूस पडद्यावर बघून ठाकरवाडीतला म्हातारा काय म्हणेल? मध असा काढतात का? नाचणाऱ्याचं पाऊल बरोबर पडतंय का? ती कॉमेंटरी मी बटण दाबून ऐकेन.

नाना: म्हणजे तू माझ्याही पुढे गेलीस.

पुतणी: पुढे नाही. माझी अट कायम आहे. पहिल्या खेपेला सिनेमा मुकाट्याने बघायचा. दिग्दर्शकाने, समीक्षकाने, काकानेसुद्धा मध्ये बोलायचं नाही.

नाना: आणि दुसऱ्या खेपेला?

पुतणी: दुसऱ्या खेपेला बोला. पण दृश्य समोर असताना, आणि जे दिसत नाही तेवढंच.

वाद इथे मिटला नाही. रात्री आरतीनंतर ‘द लाइमी’वरून तो पुन्हा पेटला. पण दोघांच्या बोलण्यातून एक कसोटी हाती लागते. पडद्यावर दिसतं तेच सांगणारी कॉमेंटरी निरुपयोगी, सगळ्यांना वाखाणणारी खोटी, आणि अर्थ लादणारी सर्वांत घातक. कामाची रीत सांगणारी, कबुली देणारी, भांडण न लपवणारी कॉमेंटरी ठेवण्याजोगी.

मराठीत अशी कॉमेंटरी का झाली नाही, याची कारणं नानांनी सांगितली. त्यातलं तंत्राचं कारण तरी आज उरलेलं नाही. आवाजाचे चार-पाच ट्रॅक आता फोनवरच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये असतात. त्यांवर हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंग असतं. एक ट्रॅक बोलण्यासाठी ठेवायला कुणाची आडकाठी नाही. मराठी सिनेमा काढणाऱ्या आणि दाखवणाऱ्या कंपन्यांनी तो द्यावा.

त्यांची वाट मात्र बघत बसू नये. रायगड-रत्नागिरीत, घाटावर, कुठेही तुमच्या गावात कधी शूटिंग झालं असेल, तुमच्या ओळखीत सिनेमात राबलेलं कुणी जुनं माणूस असेल, तर त्यांच्याकडे जा. तो सिनेमा लावा, त्याचा आवाज बंद करा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. अर्थ विचारू नका. कॅमेरा कुठे ठेवला होता, उजेड कुठून आणला, त्या दिवशी काय बिघडलं, एवढंच विचारा. रेकॉर्डिंगवर तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव घाला. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला तसं कळवा.